रेवतीचं डोहाळजेवण

"साहेब, बायका आल्यात," दारवान महादू धापा टाकत म्हणाला.

"किती?" देवस्थळींनी विचारलं.

"ट्रॉली भरून."

मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून कांदाभजी खात होते. रेकॉर्डिंगच्या आधी तळलेलं खाऊ नये असा देवस्थळींचा नियम होता, आणि तो मोडण्यात मला विशेष गोडी होती. उठून खिडकीतून पाहिलं. रेडिओ केंद्राच्या फाटकात उसाची ट्रॉली उभी होती. तिला पुढून केळीचे खुंट बांधलेले. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका एकमेकींना हात देत खाली उतरत होत्या. एकीच्या डोक्यावर पाटी, एकीच्या हातात फुलांचं तबक, एकीच्या खांद्यावर घडी न मोडलेली हिरवीगार साडी.

"लग्नाचं वऱ्हाड रस्ता चुकलं असेल," मी म्हणाले.

"वऱ्हाड न्हाई, बाई. हिंगणवाडीच्या हाईत. रेवतीचं डोहाळजेवण करायला आल्यात."

भजं माझ्या हातातच राहिलं. कारण रेवती म्हणजे मी.

हे नीट सांगायला हवं. त्या काळी आमच्या केंद्रावरून दर मंगळवारी संध्याकाळी 'शिरोळकरांचं घर' ही कौटुंबिक श्रुतिका लागायची. लिहायचे देवस्थळी, बसवायचे देवस्थळी, आणि दाराची करकर, पावसाची सर, म्हशीचं हंबरणं हे आवाजही तेच काढायचे. रेवती ही शिरोळकरांची धाकटी सून. वय वीस, स्वभाव गरीब, आवाज मधाळ. तिचं काम मी करायची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, केस अर्धेअधिक पिकलेले. फक्त आवाज तेवढा विसाव्या वर्षीच थांबला होता, पुढे यायला तयार नव्हता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते. माझं "नंबर सांगा" ऐकून देवस्थळी एक दिवस खुद्द एक्स्चेंजमध्ये आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीला जरा बाहेर बोलवता का?"

रेवतीची सासू माईसाहेब. कडक, खाष्ट, विधवा बाई. तिचं काम करायची नलू काणेकर. नलू तेवीस वर्षांची, लग्न व्हायची, काडीसारखी बारीक. पण लहानपणी टॉन्सिलचं काहीतरी झालं आणि घसा जो घोगरा झाला तो कायमचाच. ती माईकपुढे "सूनबाईऽ" म्हणाली की मीसुद्धा पदर सावरून उभी राहायची.

आदल्या मंगळवारच्या भागात रेवतीला सातवा लागला होता. तिचा नवरा श्रीधर बाजारातून तिच्यासाठी लपवून चिंचा घेऊन आला, आणि माईसाहेबांनी त्या परसात फेकून दिल्या. वर ठणकावलं, "आमच्या घरात डोहाळजेवणाची पद्धत नाही." रेवती दाराआड बसून रडली. आता फुशारकी मारत नाही, पण मी बरी रडले होते. दारवान महादूही काम सोडून काचेपलीकडे डोळे पुसत उभा होता.

त्या रात्रीपासून केंद्राचा फोन थांबला नव्हता. एका वकिलांनी माईसाहेबांवर काय काय कलमं लागतात ते सांगितलं. एका सासूने फोन करून माईसाहेबांना पाठिंबा दिला, आणि पाचच मिनिटांनी तिच्या सुनेने त्याच नंबरवरून फोन करून तिच्याबद्दल माफी मागितली. भाजी बाजारात नलूला कुणी ओळखलं नाही म्हणून ती वाचली. हे सगळं आम्ही हसून साजरं केलं. पण ट्रॉली भरून बायका येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

देवस्थळी बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून ऐकत होते.

"बायांनो, अहो, हे नाटक आहे," ते समजावत होते. "खरं काही नाही त्यात."

पुढे उभी असलेली ठसठशीत बाई म्हणाली, "नाटक हाय ते आमास्नी ठावं हाय. आमी काय खुळ्या हाय व्हय?" या सुंदरवहिनी, हिंगणवाडीच्या सरपंचांची बायको. "पर सातवा महिना लागलाय का न्हाई?"

"लागलाय. म्हणजे... श्रुतिकेत लागलाय."

"मग? पोटुशी पोर रडत ऱ्हायली तर पाप कुनाला? तिची सासू करत न्हाई, माहेरचं कुनी येत न्हाई. आमी करतो. तुमी नुसतं तिला भाईर काढा."

देवस्थळी आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला कळलं ते कशाला घाबरले ते. मागल्या वर्षी श्रोत्यांच्या मेळाव्यात श्रुतिकेतले आमचे सुभेदारकाका लोकांना दिसले होते. रेडिओवर त्यांचा आवाज म्हणजे तोफ. प्रत्यक्षात पाच फुटांचा, नाकात बोलणारा मास्तर निघाला. लोक हसले, मग रुसले, मग "त्या काकांचं काही ऐकवत नाही आता" अशा तक्रारी आल्या. महिन्याभरात देवस्थळींनी सुभेदारकाकांना काशीला पाठवलं. ते परत आलेच नाहीत.

"अनुताई," देवस्थळी हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी तुम्हाला पाहिलं तर रेवती संपली."

ते खरंच होतं, आणि ते ऐकून मी घाबरले. हसू नका. मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा झालेली, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहणारी बाई. घरात हळदीकुंकू असलं की मी आपण होऊन भाजी आणायला बाहेर पडायची आणि सगळ्या बायका गेल्यावर परत यायची. वहिनी वाईट नव्हती. ती कधी जा म्हणाली नाही, पण थांबही म्हणाली नाही. अशी किती मेथी आणि किती पालक मी आयुष्यात आणला असेल! आठवड्यातून एक संध्याकाळ तेवढी माझी होती. त्या संध्याकाळी मला नवरा होता, दीर होते, सासू छळायला का होईना पण होती, आणि आता मूल होणार होतं. रेवती काशीला गेली असती, तर मला परत नुसतं "नंबर सांगा" एवढंच म्हणत बसावं लागलं असतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

देवस्थळींनी नलूकडे पाहिलं. नलू मागे सरकली.

"नाही हं साहेब! माझं अजून लग्न ठरायचंय!"

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे. वय शोभतं, अंगकाठी शोभते..."

"आणि पोट?"

देवस्थळींनी खुर्चीवरची उशी उचलली.

ठरलं ते असं. नलूने रेवती व्हायचं. तिचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय असं सांगायचं. मंगळसूत्र हिशेब विभागातल्या बाईंचं उसनं घ्यायचं. आणि बायका "सासू कुठाय, सासू दाखवा" म्हणून फारच हट्टाला पेटल्या होत्या, तेव्हा सासू मी. माईसाहेब विधवा, मीही विधवा. कपाळ आयतंच मोकळं होतं. फक्त मीही तोंड उघडायचं नव्हतं, कारण उघडलं की आतून रेवती बाहेर पडली असती.

बायकांना रेकॉर्डिंगच्या मोठ्या खोलीत आणलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. खुर्चीला केळीचे खुंट लागले, फुलांच्या माळा लागल्या. नलूला बसवलं. फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, कमरेला फुलांचा पट्टा. पोर खरंच गोड दिसत होती. पोटावरची उशी एका हाताने धरून ती माझ्याकडे असं बघत होती, जशी शेळी खाटकाकडे बघते.

"घसा बसलाय तिचा," देवस्थळी म्हणाले. "बोलता येत नाही."

"बसंल न्हाई तर काय!" सुंदरवहिनी म्हणाल्या. "रडून रडून बसला आसंल." आणि सगळ्याजणी एकदम माझ्याकडे वळल्या.

त्यानंतर जे मी ऐकून घेतलं ते कुणा सुनेने कुणा सासूला ऐकवलं नसेल. "चिंचा फेकतीस? आगं, अन्न हाय ते!" "तुझं कुनी डोहाळं पुरवलं न्हाईत व्हय?" "बगा की, कशी वळूवानी वाढलीया, आन् सून बघा, निस्ती काडी!" त्या वळूवर नलूला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात दडवलं. मी ओठ घट्ट मिटून उभी. माझ्या जिभेवर एकेकीला उत्तरं तयार होती, पण गिळून टाकली.

एकच म्हातारी या सगळ्यात नव्हती. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. हिचं नाव बायजाक्का. तिच्या घरात रेडिओ नव्हता. शेजारच्या घरातली श्रुतिका ती भिंतीला कान लावून ऐकायची, डोळे मिटून, तीच सवय.

"आक्का, या की म्होरं. रेवती बघा," कुणीतरी म्हणालं.

"बघायचं काय त्यात?" ती डोळे न उघडता म्हणाली. "बोलली म्हंजी बघंन."

मग चुडा भरायला घेतला. नलूचा हात बारीक, पण बांगड्या आणलेल्या त्याहून बारीक. सुंदरवहिनींनी तिची बोटं मुठीत दाबली आणि जोर लावला.

"अगंऽऽ! हात मोडशील की मेले!"

तो माईसाहेबांचा आवाज होता. तोच घोगरा, तोच खडा. बांगडी सुंदरवहिनींच्या हातातून खाली पडून फुटली.

मग मागून एक बाई किंचाळली, "आगं बया! सासू अंगात आली तिच्या!"

जो गोंधळ उडाला तो काय सांगू. कुणी म्हणे लिंबू आणा, कुणी म्हणे केस धरा. एकीने खरंच नलूचे केस धरले. दुसरी तिला विचारू लागली, "बोल, जातीस का न्हाई? पोटुशी बाईला धरतीस?" नलू "सोडा, सोडा" ओरडायला लागली, आणि ती जितकं ओरडे तितकी सासूच ओरडते आहे असं वाटून बायकांचा जोर वाढे. देवस्थळी मध्ये पडले, एकीने नलूला लावायला काढलेला अंगारा त्यांच्याच तोंडाला लागला. उशी खाली पडली. एक म्हातारी उशी बघून मटकन खालीच बसली. आणि तेवढ्यात सुंदरवहिनींनी नारळ उचलला, म्हणाल्या, "आधी वटी भरा, वटी भरली की बाधा जाती!"

नलूच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. लग्न न झालेली मुलगी. ही गोष्ट गावभर झाली असती तर तिला स्थळ कुणी सांगितलं असतं?

मला रेवती आठवली नाही, काशी आठवली नाही. मी ओरडले, "सोडा तिला! कुमारिका आहे ती! तिची ओटी भरू नका हो, मी पाया पडते तुमच्या!"

नलूचे केस धरलेला हात सुटला.

भिंतीपाशी बायजाक्काने डोळे उघडले.

"ही," ती म्हणाली. "ही हाय रेवती."

ती उठून माझ्यापाशी आली. बायकांनी वाट दिली. तिने माझं तोंड नीट न्याहाळलं, केस बघितले, वरपासून खालपर्यंत बघितलं. देवस्थळींनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, संपलं. बायकांत कुजबुज सुरू झालीच होती. "ही? ही तर आपल्या वयाची हाय!" "केस पिकल्यात की हिचं!"

"म्हातारी दिसतीस गं," बायजाक्का म्हणाली.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बायजाक्का बायकांकडे वळली. "बघा! सासुरवासानं काय दशा झाली पोरीची! इसाव्या वर्षी केस पिकलं!"

मी हसावं की रडावं मला कळेना. पण बायकांना ते पटलं. खरंच सांगते, पटलं. "व्हय की गं," एकजण म्हणाली, "माझंबी असंच झालं हुतं." नलूला त्यांनी खुर्चीतून उठवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचे फुलांचे दागिने काढून माझ्या अंगावर चढवले. नलूसाठी बारीक असलेल्या बांगड्या मला कुठून व्हायला, पण एकीने स्वतःच्या हातातल्या चार काढून दिल्या. त्या बसल्या. फुलांचा पट्टा मात्र कमरेला पुरला नाही, म्हणून दोन पट्टे जोडले.

बायजाक्काने करंड्यात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे हात आणला. मी मागे सरकले.

"मला नका लावू आक्का," मी म्हणाले. "माझे यजमान नाहीत."

सुंदरवहिनींचा नारळाचा हात खाली आला. एवढ्या बायका, पण कुणी कुणाकडे बघेना. मला त्यांचा राग आला नाही. रीत त्यांची होती तशी माझीही होती; भाजीची पिशवी मी स्वतःच उचलायची ना!

"कवा गेलं?" बायजाक्काने विचारलं.

"मी विशीत होते तेव्हा."

तिने मान हलवली. बोटावरचं कुंकू मात्र तिने पुसलं नाही.

"तुझं गेलं आसतील," ती म्हणाली. "पर रेवतीचा हाय की."

"आक्का..."

"परवाच्या मंगळवारी चिंचा घिऊन आला. म्या सोता ऐकला, भितीपल्याडनं. चांगला खनखनीत बोलत हुता. 'रेवती, हात पुढं कर' म्हनला का न्हाई?"

"म्हणाला," मी म्हणाले.

"मग? जित्त्या नवऱ्याच्या बायकूची वटी भरायला कुनाची आडकाठी?" ती वळून बायकांना म्हणाली. "हाय का कुनाची?"

कुणाचीच नव्हती.

तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट खरखरीत होतं. मग हिंगणवाडीच्या एकेका बाईने माझ्या पदरात तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला. पदर जड झाला. मी रडले, आणि या वेळी माईक बंद होता. सुंदरवहिनी मघाशी मला वळू म्हणाल्या होत्या, त्यांनीच पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले.

शेवटी दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. मी डावीकडची उघडली. बर्फी.

"मुलगी!" सगळ्याजणी ओरडल्या.

"अहो, पण मी मुलगा लिहून ठेवलाय," देवस्थळी कळवळून म्हणाले. "चार भाग तयार आहेत."

"खोडा," सुंदरवहिनी म्हणाल्या.

जाताना बायजाक्का देवस्थळींपाशी थांबली. तिने त्यांना बोट दाखवून बजावलं, "सायेब, ते काका काशीला घालवलं, आमी कायबी बोललो न्हाई. पर श्रीधरला जपायचं. त्येला धक्का लागता कामा न्हाई. हिच्या कपाळाचा प्रश्न हाय." आणि मला म्हणाली, "पुसू नगंस."

त्या संध्याकाळी मी हातात चार हिरव्या बांगड्या आणि कपाळभर कुंकू घेऊन घरी गेले. दार वहिनीने उघडलं. तिची नजर वर गेली आणि तिथेच राहिली.

"हे कुणी लावलं?"

"रेवतीला लावलंय," मी म्हणाले. "हिंगणवाडीच्या बायकांनी."

वहिनी आत गेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती बाहेर आली ती आरसा घेऊन. "जरा वाकडं लागलंय," म्हणाली, आणि स्वतःच्या बोटाने नीट केलं. त्यानंतर मी हळदीकुंकवाच्या दिवशी कधी भाजी आणायला गेले नाही. ते काम भाऊ करायला लागला, आणि दर वेळी जून भेंडी आणायला लागला.

रेवती काशीला गेली नाही. उलट ट्रॉलीची गोष्ट गावोगाव पसरली आणि लोक आणखी कान देऊन ऐकू लागले. माईसाहेब पुढच्याच भागात नरमल्या. नलूचं वर्षभरात लग्न झालं. तिची खरी सासू इतकी गरीब निघाली, की नलूच्या एका "अहो आईऽ" ने ती दचकून उभी राहायची. रेवतीला मुलगी झाली. तिचं रडणं महादूच्या नातीने केलं.

श्रुतिका आणखी नऊ वर्षं चालली. लिहिता लिहिता देवस्थळी अनेकदा अडायचे. कथानक पुढे सरकेना झालं की कुणीतरी मरायला हवं, असं लिहिणाऱ्यांना वाटतं. त्यांनी माईसाहेबांना मारलं, थोरल्या दिरांना मारलं, म्हैसही मारली. दोनदा तरी श्रीधरला अपघात घडवायचा त्यांचा विचार झाला होता, हे मला माहीत आहे. मी समोर जाऊन बसले की ते माझ्या कपाळाकडे बघायचे आणि कागद चुरगाळून टाकायचे. "बाई, तुमच्या कुंकवाने माझी गोष्ट अडवलीय," म्हणायचे.

शेवटचा भाग त्यांनी मोठ्या खुबीने लिहिला. श्रीधर पिशवी घेतो, पायात वहाणा घालतो आणि म्हणतो, "रेवती, बाजारात जाऊन येतो. चिंचा आणू?" मी म्हणते, "आणा. लवकर या." दाराची करकर. संपलं.

श्रीधरचं काम करणारे बँकेतले पोतदार गेल्या दिवाळीत वारले. मी भेटायला गेले होते, त्यांच्या बायकोजवळ बसले. फार सज्जन माणूस. घरी आल्यावर सूनबाई, म्हणजे भावाची सून, माझ्याकडे बघत घुटमळली. शेवटी तिने विचारलंच, "आत्या, आता तुम्ही कुंकू...?"

"अगं, ते पोतदार होते," मी म्हणाले. "श्रीधर बाजारात गेलाय. यायचाय अजून."